प्रार्थनेचा विषय

"उचल तो डबा."

एस्तेर लोंढेनं ऐकू न आल्यासारखं केलं. ओळीत तिचा डबा तारा ओहोळच्या डब्यामागं होता, ज्वारीनं काठोकाठ भरलेला, वर स्वच्छ फडकं बांधलेलं.

"एस्तेर, तुला सांगतेय. तुझं दळण इथं व्हणार नाय."

"सगुणा, घरात मूठभर पीठ नाय गं."

"मग प्रार्थना कर. वरून पडंल."

ओळीतल्या बाया फिसकन हसल्या आणि माझा चेहरा बघून गप्प झाल्या. मी पायानंच तिचा डबा ओळीबाहेर सरकवला. दळणाला पाय लावू नये हे गिरणीवालीला कुणी शिकवायला नको, तरी लावला. एस्तेर वाकली, डबा कमरेवर घेतला आणि एक अक्षर न बोलता गेली. ती गप्प राहिली याचाच मला जास्त राग आला. भांडली असती तर मला तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या.

तेव्हा चांदेगावात माझी एकच गिरणी होती. नवरा वारल्यावर मीच ती चालवायची. कुणाशी कितीही वाकडं असलं तरी भाकरीसाठी माझ्या दारात यावंच लागे, त्यामुळं माझी जीभही तशी सैलच सुटलेली. पण एस्तेरशी तोवर कधी वाकडं नव्हतं. आमची दोस्ती लग्न होऊन या गावात आलो तेव्हापासूनची. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, एका बाकावर बसायचो, एकमेकींच्या बाळंतपणात एकमेकींची उशापायथ्याला जागा ठरलेली. माझा शमू, म्हणजे शमुवेल, पहिल्यांदा न्हाला तो तिच्याच मांडीवर.

एस्तेर आमच्या महिला मंडळाची पुढारीण. दर बुधवारी बाया जमायच्या आणि प्रत्येकीनं प्रार्थनेचा विषय द्यायचा. कुणाची सासू अंथरुणाला खिळलेली, कुणाच्या मुलीचं जमत नाही, कुणाची गाय आटलेली. विषय गोळा झाले की एस्तेर डोळे मिटून उभी राहायची आणि सुरू करायची, "प्रभो, तुला ठाऊकच आहे की..." जे देवाला ठाऊकच आहे ते मग ती देवाला पहिल्यापासून शेवटपर्यंत समजावून सांगायची. नाव, गाव, आजार, नवऱ्याचं पिणं, काही काही सुटायचं नाही. बाया डोळे मिटून कान टवकारून बसायच्या. वर्तमानपत्र न घेणाऱ्या आमच्या वस्तीत सगळ्या बातम्या अशाच पोचत. तिच्या मनात काळं नव्हतं, हे मी तेव्हाही जाणत होते. देवाला सांगितल्याशिवाय तिला घास गिळत नसे, एवढंच. पण विंचवाच्याही मनात काही नसतंच की.

त्या वर्षी शमूनं औषध घेतलं. शेतावर फवारायचं औषध. मी गावाला सांगितलं, मामाच्या रानात फवारताना वास चढला. खरं काय ते जीपमध्ये माझ्याशेजारी बसलेल्या एस्तेरला कळलं, कारण शमूचं डोकं तिच्या मांडीवर आणि पाय माझ्या मांडीवर होते आणि तो बरळत होता. मी तिचा हात धरून म्हणाले, "एस्तेर, हे तुझ्या पोटात ठेव." ती म्हणाली, "तुझी शपथ."

पोरगा वाचला. दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, त्याला एकटं सोडू नका. घरी आणलं तर दारात शेजारचे म्हातारे दाजिबा उभे. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "लेकरा, देवानं दुसरा जन्म दिला. आता पुन्हा जिवाचं असं काही करू नको." चांगल्या मनानं म्हणाले. शमूनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. तो आतल्या खोलीत गेला, भिंतीकडं तोंड करून निजला आणि त्यानं बोलणंच टाकलं.

बुधवारच्या सभेत एस्तेरनं शमूचं सगळं देवाला सांगितलं होतं. म्हणे एस्तेर रडली, बाया रडल्या, फार छान प्रार्थना झाली.

पहिल्या आठवड्यात मंडळी घरभेटीला लोटली. गाणी म्हणाली, चहा प्याली, आतल्या खोलीच्या दाराकडं माना वाकड्या करकरून बघून गेली. चर्चचे पाळकसाहेब उबाळेही आले. नवीन होते, पोरसवदा, कोटाचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं.

"सगुणाबाई, देव आपल्या सोसण्यापलीकडं परीक्षा घेत नाही," ते म्हणाले.

"कुणाच्या सोसण्यापलीकडं?"

"म्हणजे... आपल्या."

"तुमचं लग्न झालंय का साहेब?"

"नाही अजून."

"मग लेकरू व्हऊ द्या, ते भिंतीकडं तोंड करून निजू द्या, आणि मंग या. तवर हा चहा घ्या आणि जा."

त्यांनी चहा घेतला नाही. त्यानंतर मंडळीचं येणं थांबलं. दु:ख चार दिवस ताजं असतं तोवर लोकांना त्याची चव असते, मग ते शिळं झालं की ज्याचं त्यानं खावं. माझा भाऊ येऊन राहिला होता, त्याचीही कांद्याची लागवड होती, तोही गेला. रविवारी घंटा झाली की मी दार लावून घ्यायची. देवाशी माझं बोलणं बंद होतं. शमूनं माझ्याशी धरला होता तोच अबोला मी वर धरला होता.

आणि एस्तेर येत राहिली.

ओट्याच्या कडेला बसायची. मी अंगणात पाणी मारताना मुद्दाम तिच्या पायावर मारलं. ती पाय वर घेऊन बसली. गिरणीतला केर झाडून तिच्या अंगावर लोटला, तिनं पदर झटकला. मी गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय हवंय तुला? अजून विषय कमी पडला का? जा, आजचा सांग देवाला, सगुणानं तोंडावर केर टाकला." ती म्हणाली, "बसू दे गं जरा." बस. एवढंच.

माझी अवस्था अशी की रात्री शमूच्या दाराशी उशी टाकून पडायचं, त्याचा श्वास ऐकायचा, आणि दिवसा गिरणी लावायची. गिरणी आणि आतली खोली यांच्यात एकच भिंत. पण गिरणी सुरू झाली की पलीकडं कुणी मेलं तरी कळणार नाही इतका तिचा आवाज. त्यामुळं एक दळण झालं की गिरणी बंद करायची, धावत जाऊन खोलीत डोकवायचं, पुन्हा यायचं. बाया कुरकुरायच्या. झोप तर डोळ्यांना ठाऊक नव्हती.

एक दिवस पेटीत बाजरी ओतली आणि उभ्या उभ्या माझा डोळा लागला. जाग आली ती गळ्याला हिसका बसला म्हणून. पदर पट्ट्यात गेला होता. मी ओढली जात होते आणि ओरडायला तोंडातून आवाज निघत नव्हता. तेवढ्यात मोटर बंद पडली. एस्तेर लाल बटणावर दोन्ही हात ठेवून उभी होती. ओट्यावरून ती कधी आणि कशी आली, देव जाणे.

मी जमिनीवर बसून खोकले. बोलता यायला लागल्यावर पहिलं वाक्य मी हे बोलले, "उपकार केलेस असं समजू नको."

"नाय समजत."

"मी मेले असते तर त्याच्यापाशी कोण बसलं असतं, म्हणून वाचले ते बरं झालं. बाकी काय नाय."

"व्हय."

मी तिच्याकडं पाहिलं. सबंध गावात त्या खोलीत बसायला तयार असलेलं माणूस एकच होतं, आणि ते हे असावं, हा माझ्या नशिबाचा विनोद होता. पण बुडत्याला काठी कुणाची हे बघून चालत नाही.

"गिरणी चालू असंल तेवढा वेळ आत बस," मी म्हणाले. "पण बायबल आणायचं नाय. गाणं म्हणायचं नाय. आणि तुझ्या तोंडातून 'प्रभो' म्हणून एक शब्द जरी निघाला ना, तर दळणाचा डबा डोक्यात घालीन. कळलं?"

"कळलं."

"आणि इथलं अक्षर बाहेर गेलं तर..."

"कळलं म्हणाले ना."

दुसऱ्या दिवसापासून तसं सुरू झालं. मी स्टार्टर दाबला की एस्तेर आत जायची, दार लोटून घ्यायची. गिरणी थांबली की बाहेर यायची, चपला घालून निघायची. माझ्याशी बोलणं नाही, चहा नाही. रविवारी गिरणी बंद, तर ती फिरकायचीही नाही. मला वाटायचं, माझं तोंड चुकवायला ती हे करतेय, आणि मला त्याचं बरंच वाटायचं.

आत काय चालतं ते मी विचारलं नाही. दोघं दोन भिंतींना तोंडं करून बसत असतील असं मी धरून चालले होते. एस्तेरचे डोळे मात्र रोज सुजलेले असायचे. गालफडं बसली. अंगानं भरलेली बाई, तिचा ब्लाउज दंडावर ढिला झाला. खरं सांगते, मला समाधान वाटायचं. म्हणायची, झुरतेय ना, झुर.

शमूनं मात्र हळूहळू भाकरी मोडायला सुरुवात केली. आधी नुसता कोर, मग अर्धी, मग कालवणाची वाटीही रिकामी. बोलायचा नाही, पण एकदा भाताला नको म्हणून हात केला तेव्हा घशातून काहीतरी घोगरं निघालं. घसा पार बसलेला. मला वाटलं खोलीतल्या गारव्यानं पडसं झालंय. हळद घालून दूध दिलं. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला तांब्या ठेवला. त्यानं मुकाट्यानं केल्या. पडसं काही हटेना.

ताराला गावची खबर ठेवायची हौस. पीठ न्यायला आली की हळूच सोडून द्यायची. एकदा म्हणाली, "सगुणाबाई, तुमी एस्तेरवर काय जादू केली?"

"का?"

"बुधवारी बोलतच नाय ती. परवा पाळकसाहेबांनी सांगितलं, एस्तेरबाई, प्रार्थना चालवा. तर उभी राहिली, डोळे मिटले, आणि बराच वेळ तशीच. आमी वाट बघतोय. मंग म्हणाली, माझ्याकडं विषय नाय, आणि खाली बसली."

"मंग?"

"मंग काय. पाळकसाहेबांनीच चालवली. पण ती मजा नाय."

मी पिठाचा डबा तिच्याकडं सरकवला. शंभर उंदीर खाऊन मांजर हजला निघाली की गाव असंच बोलतं, असं मनात म्हणाले आणि विसरून गेले.

एके दिवशी दुपारची वेळ होती. ओळ संपलेली. ताराचे गहू तेवढे राहिले होते, तेही दळून झाले. पेटी रिकामी झाली, मी लाल बटणाकडं हात नेला, तेवढ्यात लाइटच गेली. आमच्याकडं हे नेहमीचं. दगड गरगरत मंद झाले, पट्टा थांबला, आणि कान बधिर करणारी ती शांतता झाली.

शांतता झालीच नाही. भिंतीपलीकडं कुणीतरी ओरडत होतं.

फाटलेला, चिरका आवाज. मला आधी ओळखूच आला नाही. माझ्या पोरानं इतक्या दिवसांत शब्द काढला नव्हता, आणि तो भिंत हादरेल असा ओरडत होता.

"...मावशी म्हणत व्हतो तुला! बायांच्या मधी माझं नाव घेऊन रडलीस! का? कुणी सांगितलं व्हतं?"

"कुणी नाय." हा एस्तेरचा आवाज. थकलेला, पण स्थिर.

"मंग का?"

"मला वाटलं मी देवाला सांगतेय."

"त्याला कमी ऐकू येतं का?"

"नाय रं. मलाच पोटात ठेवता येत नव्हतं. काल सांगितलं की तुला."

"काल सांगितलंस, परवा सांगितलंस! मला नाय पटत!"

"नको पटू दे. आज परत विचार. अजून बोल."

काल. परवा. माझे हात पिठानं भरलेले होते, ते मी तसेच तोंडावर धरले. म्हणजे हे रोजचं होतं. गिरणीचा आवाज सुरू झाला की माझा पोरगा तिच्यावर तुटून पडत होता, आणि आवाज थांबला की थांबत होता. ती रोज येऊन त्याच्या पुढ्यात बसत होती, गल्लीला कळू नये आणि मलाही कळू नये अशा वेळी. आणि मी त्याला हळदीचं दूध देत होते.

त्या दिवशी मात्र तो थांबला नाही. गिरणी बंद पडल्याचं भानच त्याला नव्हतं.

"आणि आई! आई रोज पहाटे उठून डबा करायची. ठेचा वेगळा, भाकरी वेगळी, कांदा चिरून. मी रोज तो डबा घेऊन एसटीत बसायचो. कुठं जायचो? स्टँडवर! कंपनीनं कधीचं हाकलून दिलं व्हतं मला. संध्याकाळपर्यंत स्टँडवर बसायचो आणि डबा कुत्र्यांना घालायचो. पगार बँकेत साठवतोय म्हणून थापा मारायचो. ती बायांना सांगायची, माझा शमू कंपनीत हाय! कुत्री वळखायला लागली व्हती मला, मावशी. एसटी लागली की धावत यायची. कसं सांगणार व्हतो तिला? कसं?"

"शमू, हळू. गिरणी..."

"तिनं इचारलं असतं तर मी..." आणि तो रडायला लागला. मोठ्या माणसासारखा नाही, लहानपणी पडल्यावर रडायचा तसा.

माझे पाय आपोआप दाराकडं वळले. आई होते मी. आत जावं, त्याला पोटाशी धरावं, सांगावं, अरे खुळ्या, कुत्र्यांनी खाल्ली तर खाल्ली. आणि त्याच क्षणी गिरणीच्या दारात ताराची सावली पडली. पिठाचा डबा न्यायला आली होती. तिची मान आतल्या भिंतीकडं वळलेली आणि तोंड अर्धं उघडं.

"काय गं, शमू का तो? काय म्हणतोय..."

वर दिवा लुकलुकला. लाइट आली.

मी आत गेले नाही. मी स्टार्टर दाबला.

पेटीत दाणा नव्हता. रिकामी गिरणी कुणी फिरवत नाही. दगडावर दगड घासतो, दोन्हींची धार जाते, ठिणग्या उडतात, सगळीकडं जळका वास सुटतो. आवाजही नेहमीचा नाही, दातावर दात खाल्ल्यासारखा कर्कश. तारानं कानांवर हात ठेवले. ती काहीतरी ओरडत होती. मला फक्त तिचे ओठ दिसत होते. "रिकामी हाय! दगड जळतील!"

"जळू दे!" मी ओरडले.

तारा बटणाकडं यायला लागली. मी आडवी उभी राहिले. त्या क्षणी तिनं अजून एक पाऊल टाकलं असतं तर मी तिला पट्ट्यात ढकललं असतं, इतका माझ्या अंगात जोर आला होता. रड रं माझ्या लेकरा, मनात म्हणत होते. ओरड. काय राहिलं असंल ते सगळं ओरड, मी दगड जाळते तुझ्यासाठी. इतक्या महिन्यांत मी वर काही मागितलं नव्हतं. तेव्हा मागितलं, लाइट जाऊ देऊ नको.

आतलं दार धाडकन उघडलं.

शमू या गिरणीतच वाढलेला. पीठ जाड येतंय की बारीक, हे तो लहानपणी झोपेतून आवाजावर सांगायचा. दाढी वाढलेला, डोळे लाल, बनियनवर, तो खोलीतून उजेडात धावत आला.

"आई! रिकामी चाललीय! दगड जातील की!"

आणि माझ्या अंगावरून हात लांबवून त्यानं लाल बटण दाबलं.

आवाज उतरत उतरत थांबला. जळक्या वासात आम्ही सगळे उभे होतो. एस्तेर त्याच्या मागं दारात टेकलेली. ताराचे डोळे आम्हा तिघांवर फिरत होते. पोटात उकळी फुटलेली दिसतच होती.

"तारा, तुझं पीठ झालंय," मी म्हणाले. "घे आणि नीघ."

"पण सगुणाबाई, हा शमू..."

"पीठ घे."

ती गेली. एस्तेरनं पदरानं तोंड पुसलं. तिचाही आवाज बसला होता.

"घोटभर पाणी दे गं सगुणा."

"माठ समोर हाय. हात मोडलेत का तुझे?"

ती गेली माठाकडं. आजही कुणी विचारतं, सगुणा, तू तिला माफ केलंस का? मी म्हणते, तुम्हाला काय करायचंय. नंतर पुढं कितीतरी वर्षं आम्ही एकाच बाकावर बसलो आणि भांडलो. एवढं सांगते, बुधवारी तिनं पुन्हा कधी कुणाचं नाव घेतलं नाही. उभी राहायची, डोळे मिटायची, आणि गप्प राहायची. बाया कंटाळायच्या.

शमू माझ्यासमोर उभा होता. पेटीत वाकून त्यानं पाहिलं. तळाला दाणा नव्हता. मग त्यानं माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं. तोंडावर पिठात बोटं उमटलेली होती माझ्या, ती त्याला दिसलीच असणार. लाइट कधी गेली आणि कधी आली, हा हिशोब त्याच्या डोक्यात चाललेला मला कळत होता.

"आई, ऐकलंस तू?"

"काय?"

"मी बोलत व्हतो ते."

"गिरणीत कुणाला काय ऐकू येतंय रं."

तो बघत राहिला. खोटं पकडलं होतं त्यानं. आयुष्यात त्याच्याशी मी धडधडीत बोललेलं तेवढं एकच खोटं, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. वाटलं, आता पुन्हा वळेल आणि आत जाईल.

तो वळला नाही. उकिडवा बसला, वरचं झाकण बाजूला केलं आणि दगडाला बोट लावलं. चटका बसला तसं झटकन मागं घेतलं आणि लहानपणासारखं तोंडात घातलं.

"पार घासलेत," तो म्हणाला. "टाकी लावून परत धार काढावी लागंल."

"मंग लाव की."

"छिन्नी कुठंय?"

"तू ठेवलीस तिथंच हाय," मी म्हणाले. "तुझ्यामागं कुणी हात लावलाय तिला?"